फोटो दाखवावा कसा, बघावा कसा

लोणारच्या सरोवराचा फोटो मित्रमंडळीत पाठवला की पाच मिनिटांत उत्तरं येतात: ‘जबरदस्त भाऊ’, ‘एकच नंबर’, ‘कडक’. ही दाद मनापासूनची असते आणि ती मिळाली की बरं वाटतं. पण पुढचा फोटो कसा काढावा, हे तिच्यातून कळत नाही. लोकांना फोटो आवडला, सरोवर आवडलं की फोटो काढणारा आवडतो, हेही कळत नाही. बुलडाणा जिल्ह्यात हातात कॅमेरा किंवा चांगला मोबाइल असलेली मुलं-मुली आज गावोगाव आहेत. लग्नसराईत रात्रंदिवस राबून उत्तम अल्बम करणारे स्टुडिओवाले प्रत्येक तालुक्याला आहेत. यंत्र आहे, मेहनत आहे, विषयांना तर तोटाच नाही. उणीव आहे ती एकमेकांचे फोटो शांतपणे बघण्याच्या बैठकीची. अशी बैठक कशी भरवायची, तिथं काय बोलायचं आणि ऐकलेलं घेऊन पुन्हा त्याच जागी कसं जायचं, ते इथं सांगतो.

आधी अशा बैठकीची गरज का पडते ते बघू. फोटो काढणाऱ्याच्या मनात त्या जागेची सगळी आठवण असते. काठावरचा वारा, खालून येणारा पाण्याचा उग्र वास, मान डावीकडून उजवीकडे फिरवत बघितलेलं अख्खं विवर. बघणाऱ्याच्या हातात मात्र फक्त एक चौकट असते. आपल्याला आठवतं आणि त्याला दिसतं, यात किती अंतर पडलं आहे, हे आपल्या स्वतःच्या डोळ्यांना कधीच दिसत नाही, कारण आपली आठवण ते अंतर भरून काढत असते. ते दाखवायला दुसऱ्याचे डोळे लागतात.

लोणारचंच उदाहरण घेऊ. उल्केच्या आघातानं काळ्या बेसाल्टमध्ये पडलेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. काठापासून तळ सुमारे १३७ मीटर खोल आहे आणि आतल्या पाण्याचा व्यास साधारण १.२ किलोमीटर. म्हणजे काठावर उभं राहिलं की पाण्याची अलीकडची कड अंदाजे ३०० मीटरवर येते आणि पलीकडची दीड किलोमीटरवर. आता कोनांचा हिशेब करा. पाणी डावीकडून उजवीकडे ८० अंशांहून जास्त पसरलेलं असतं, पण वरून खाली त्याला जेमतेम २० अंश मिळतात. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा आडवा धरला तर तो ७० अंशांच्या आसपास बघतो. म्हणून सरोवर चौकटीत मावत नाही. वाइड लेन्स लावली तर मावतं, पण पलीकडची उंच कडा शेताच्या बांधाएवढी दिसू लागते आणि गोल पाण्याची आडवी पट्टी होते. असा फोटो लोणार न पाहिलेल्या माणसासमोर ठेवा आणि काय दिसतं ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर येईल, ‘टेकडीमागचा तलाव आहे.’ या फोटोवर याहून कामाची टीका होऊ शकत नाही. तो माणूस वाईट म्हणत नाही, चांगलंही म्हणत नाही. विवर दिसलं नाही, एवढंच तो सांगतो.

हे एकदा कळलं की उपाय सुचायला लागतात. काठाकाठानं चालत जाऊन अशी जागा शोधता येते, जिथं जवळची कडा चौकटीच्या एका कोपऱ्यातून वळण घेत आत येते. ते वळण पुढं डोळा स्वतःच पूर्ण करतो. पाण्याजवळचं कमळजादेवीचं मंदिर चौकटीत घेतलं तर मोजमाप मिळतं. त्या इवल्याशा देवळावरून समोरची भिंत केवढी असेल ते समजतं. दोन-तीन उभे फोटो जोडून पॅनोरामा करता येतो. किंवा अख्खं विवर दाखवायचा हट्ट सोडून टेलीलेन्सनं फक्त झाडी, पाण्याची कड आणि वरचा खडक घेता येतो. ड्रोनचा विचार सगळ्यांच्याच मनात येतो, पण हे अभयारण्य आहे आणि वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथं ड्रोन उडवता येत नाही. मला तर काठावरून हा प्रश्न सोडवण्यातच खरं शिक्षण वाटतं.

आता बैठक. चार ते सात माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. प्रत्येकानं एक ते तीनच फोटो आणावेत, आणि शक्य असेल तर प्रिंट काढून आणावेत. लॅबमधून आठ बाय बाराची साधी प्रिंट घेतली तरी चालते. मोबाइलच्या स्क्रीनला आतून उजेड असतो, त्यामुळे फिकट फोटोही चमकदार वाटतो. तळहाताएवढ्या आकारात चौकटीच्या कडा कुणी बघत नाही, आणि फोन हातात आला की प्रत्येक जण बोटांनी मोठं करून वेगळाच तुकडा बघतो. प्रिंट टेबलावर ठेवली की सगळे एकाच वेळी एकच फोटो बघतात. कोपऱ्यातली विजेची तार, अर्धवट कापलेला हात, उगाच आत आलेला फ्लेक्सचा तुकडा तिथं लपत नाही. प्रिंट जमत नसेल तर घरच्या टीव्हीला फोन जोडा, पण फोन हातोहात फिरवू नका.

प्रिंट ठेवल्यावर पूर्ण एक मिनिट कुणी बोलायचं नाही. ज्याचा फोटो आहे त्यानं तर अजून बराच वेळ गप्प राहायचं. कुठला फोटो, कुठला कॅमेरा, पहाटे किती वाजता उठलो, काही सांगायचं नाही. मग एकेकानं फक्त काय दिसतं ते सांगायचं. नजर आधी कुठं गेली? तिथून कुठं वळली? कुठं अडकली, आणि कुठून चौकटीबाहेर निसटली? ‘छान’, ‘फालतू’ हे दोन्ही शब्द या टप्प्यावर बंद.

अमेरिकेतल्या लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० मध्ये अशा चर्चेची एक रीत घालून दिली. ती नाचासाठी होती, पण फोटोला तंतोतंत लागू पडते. आधी बघणाऱ्यांनी आपल्याला काय भिडलं ते सांगायचं. मग कलावंतानं स्वतःचे प्रश्न विचारायचे. त्यानंतर बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण ज्यांच्यात मत दडलेलं नाही असे. ‘इतकं अंधारं का ठेवलंस?’ हा प्रश्न नव्हे, तो शेरा झाला. ‘उजेडाबद्दल काय ठरवलं होतंस?’ हा प्रश्न. आणि शेवटी मत द्यायचं, तेही आधी विचारून, ‘तुझ्या बॅकग्राऊंडबद्दल मला एक वाटतंय, सांगू का?’ विचारून दिलेलं मत ऐकणारा मोकळ्या मनानं घेतो.

आपल्याकडे यात एक भर घालावी लागेल. तालुक्याच्या गावात सगळेच एकमेकांना ओळखतात. समोर बसलेला ‘सर’ असतो किंवा मोठा ‘दादा’ असतो, आणि दोघं लग्नाच्या एकाच ऑर्डरसाठी धडपडत असतात. मोठा आधी बोलला की धाकटे त्याचीच री ओढतात. म्हणून बोलायची सुरुवात वयानं सगळ्यात लहान असलेल्यापासून करावी आणि ज्याचं नाव मोठं त्यानं शेवटी बोलावं.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते एका फोटोवर बघू. आषाढी वारीसाठी शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी महिनाभर चालत पंढरपूरला पोचते. पांढऱ्या वेशातले, खांद्यावर भगव्या पताका घेतलेले वारकरी दोन सरळ रांगांत चालतात आणि त्यांची शिस्त सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. समजा, कुणी रस्त्यावर समोर उभं राहून सकाळी त्यांचा फोटो काढला आणि बैठकीत आणला. पहिला म्हणतो, ‘नजर आधी मागच्या ट्रॅक्टरवर गेली, तो लाल आहे.’ दुसरा म्हणतो, ‘पुढचे दोघं दिसतात, मागे सगळी गर्दी आहे.’ तिसरीचं म्हणणं, ‘कपडे मळके वाटतात, पावसाळी दिवस होता का?’ चौथा सांगतो, ‘पताका वरून कापल्या गेल्यात.’ यावर काढणारा बोलतो, ‘मला रांगांची शिस्त दाखवायची होती.’

आता एकेक गाठ सोडवता येते. डोळ्यांच्या उंचीवरून समोरून घेतलं की पुढचा माणूस मागच्याला झाकतो, त्यामुळे रांगेची गर्दी होते. रस्त्याकडेच्या एखाद्या उंच ओट्यावर चढलं की प्रत्येक डोकं सुटं होतं आणि दोन रांगा दोन रेषा होऊन दूर जाताना दिसतात. ट्रॅक्टर लाल असल्यानं नजर ओढतो. दोन पावलं सरकलं असतं तर तो एखाद्या पताकेमागे गेला असता. आणि कपड्यांचं कोडं कॅमेऱ्याच्या मीटरमध्ये आहे. समोर जे आहे त्याची सरासरी मध्यम करडी धरून मीटर उजेड ठरवतो. चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरली की तो ती जास्त उजेडाची समजतो, एक्स्पोजर कमी करतो आणि शुभ्र कापड मळकं होतं. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन साधारण अधिक एकवर न्यावं. मोबाइलवर बोट टेकवून सूर्याची खूण वर सरकवली की तेच काम होतं. हिस्टोग्राम उजव्या कडेला टेकून कापला जात नाही ना, तेवढं बघावं.

याच्या नेमकं उलट लोणार गावातल्या दैत्यसूदन मंदिरात घडतं. काळपट दगड चौकटभर असला की मीटर त्याला उजळवून करडा करतो आणि दगडाचं वजन जातं. तिथं उणे एक करून बघावं. त्या मंदिराच्या भिंतींवरचं कोरीव काम समोरून फ्लॅश मारून घेतलं की शिल्पाची खोली नाहीशी होते, कारण सावल्याच उरत नाहीत. ऊन भिंतीला घासून तिरपं येतं त्या वेळी गेलं तर तीच मूर्ती भिंतीतून बाहेर येते. बैठकीत कुणी ‘मूर्ती चपटी वाटते’ एवढंच म्हटलं तरी फोटोवाल्यानं तिथून उजेडापर्यंत पोचायला शिकायचं असतं.

ऐकणाऱ्याचं काम अवघड आहे. ‘ऊन फार होतं’, ‘बंदोबस्तवाल्यांनी पुढं जाऊ दिलं नाही’, ‘लेन्स तेवढीच होती’ ही वाक्यं ओठांवर येतातच. ती खरीही असतात. पण प्रिंट ज्याच्या घरी जाईल त्याच्याकडे ही वाक्यं जाणार नाहीत. वही उघडी ठेवावी, ऐकलेलं त्या माणसाच्याच शब्दांत लिहून घ्यावं आणि उत्तर देऊ नये.

बोलणाऱ्यासाठी एक साधं हत्यार आहे. पुठ्ठ्याचे काटकोनात कापलेले दोन तुकडे घ्या, ते प्रिंटवर समोरासमोर ठेवून सरकवा, की क्रॉप कसा दिसेल ते सगळ्यांना एकदम दिसतं. ‘डावीकडून थोडं काप’ म्हणून वाद घालण्यापेक्षा हे पुठ्ठे लवकर निकाल देतात. कधी कधी असंही दिसतं की कितीही कापलं तरी फोटो सुधरत नाही, कारण मुळात उभं राहायची जागाच वेगळी हवी होती. तेही कळलेलं बरं.

सगळं ऐकायचं, पण सगळं मानायचं नाही. सहा जणांपैकी चौघं एकाच जागी अडखळले तर तो दोष फोटोत आहे असं धरावं, मग आपलं मन काहीही म्हणो. एखादा म्हणाला, ‘मी असतो तर ब्लॅक अँड व्हाइट केला असता’, तर तो स्वतःच्या मनातला फोटो सांगतो आहे. त्याचे आभार मानावेत आणि पुढं जावं.

रंगांवर मात्र जरा जास्त थांबायला हवं. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव निघाले. पाणी आटून क्षार वाढले की त्यांना अनुकूल काळ येतो आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्यानं पाणी रंगतं. नासानं उपग्रहावरून घेतलेली त्याच वर्षीच्या २५ मे आणि १० जूनची चित्रं शेजारी शेजारी प्रसिद्ध केली. पहिल्या चित्रात पाणी हिरवं, दुसऱ्यात गुलाबी. त्या दिवसांत जे फोटो फिरले, त्यांत एकाच दिवसाचं पाणी कुठं फिकट गुलाबी, कुठं कुंकवासारखं लाल दिसत होतं, कारण सॅच्युरेशनची पट्टी जो तो आपल्या मनानं ओढत होता. सरोवर खरोखरच रंग बदलत असताना असा फोटो एक पुरावा असतो. वर्षांनंतर कुणी पाण्याचा रंग पडताळून बघू लागला तर त्याला मूळ फाइल हवी असेल. म्हणून अशा विषयाच्या दोन प्रिंटा बैठकीत आणाव्यात, एक कॅमेऱ्यातून आली तशी आणि एक हात फिरवलेली. रंग किती ओढला, आणि तो ओढून नवीन काय दिसलं, हे दोन प्रश्न पुरतात. दुसऱ्याचं उत्तर ‘लोकांना आवडतं’ एवढंच असेल तर पट्टी परत मागे न्यावी.

आणखी एक प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारायलाच हवा. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीबाबांच्या दर्ग्यात मोठी यात्रा भरते. सगळ्या धर्मांचे लोक येतात. मानसिक आजार असलेल्या माणसांना घेऊन घरची मंडळी मोठ्या आशेनं तिथं आलेली असतात. कॅमेऱ्याला तिथं चेहरे मिळतात, भावना मिळतात, धूर आणि उजेड मिळतो, आणि फोटो काढून झाल्यावर त्याला दादही भरपूर मिळते. अशा फोटोवर रचना, उजेड, क्षण वगैरे बोलण्याआधी विचारावं: या माणसाला फोटो काढलेला माहीत आहे का? त्याला किंवा त्याच्या घरच्यांना तो दाखवण्याची आपली तयारी आहे का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये उपचार घेत असलेल्या रुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास मनाई आहे. यात्रा म्हणजे रुग्णालय नाही, पण ज्या कारणानं तो नियम केला ते कारण यात्रेतही लागू आहे. या प्रश्नाला होकार नसेल तर तो फोटो कितीही ताकदीचा असो, टेबलावरून उचलावा असं माझं स्पष्ट मत आहे.

कधीतरी एका फोटोऐवजी त्याच्या आगेमागे काढलेली सगळी मालिका बैठकीत आणावी. डोरोथिया लँग यांचं ‘मायग्रंट मदर’ हे जगप्रसिद्ध छायाचित्र मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेलं आहे. त्याच वेळचे इतर फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेले आहेत आणि कुणालाही बघता येतात. लांबून अख्खा तंबू दिसतो असा फोटो त्यात आहे, आणि मग लँग जवळजवळ येत जातात. शेवटी आई, मांडीवरचं तान्हं आणि तिच्या खांद्यांवर तोंड फिरवून टेकलेली दोन मुलं एवढंच उरतं. मुलांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून सगळी नजर आईच्या चेहऱ्यावर थांबते. पुढं कोपऱ्यात आलेला एक अंगठाही निगेटिव्हवरून पुसट करण्यात आला. तसं करावं का, यावर तेव्हाही मतभेद झाले होते आणि आजच्या बैठकीतही व्हावेत. आपली मालिका मांडली की आपण कुठं थांबलो, आणखी दोन पावलं पुढं जायला हवं होतं का, ते लख्ख दिसतं. निवडतानाची चूकही तिथंच पकडली जाते, कारण बऱ्याचदा चांगला फोटो मालिकेत असतो आणि आपण त्याच्या शेजारचा उचललेला असतो.

स्पर्धांची जागा वेगळी. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून आहे, फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ पासून, आणि अशा संस्थांच्या सलॉनमधून देशभरच्या कामाची पातळी कळते. तिथं फोटो जरूर पाठवावेत. पण सलॉनमधून उत्तर येतं ते निवड झाली किंवा नाही असं, आणि कारण त्याबरोबर येत नाही. कारण हवं तर टेबलाभोवती बसावंच लागतं. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्र दिनी आपल्याकडे ठिकठिकाणी फोटोग्राफर मंडळी कॅमेरापूजन आणि सत्कार करतात. त्याच दिवशी हार-तुरे झाल्यावर दोन तास प्रिंटा मांडल्या तर सगळी माणसं आयतीच जमलेली असतात.

बैठकीनंतरचा टप्पा मात्र एकट्याचा आहे. वहीतली एकच गोष्ट निवडावी आणि तेवढ्यासाठी त्याच जागी पुन्हा जावं. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचा दरवाजा काढला होता आणि ‘दरवाजा केवढा ते कळत नाही’ असं ऐकायला मिळालं, तर या वेळी रंग, लेन्स, अँगल सगळं तसंच ठेवून फक्त माणूस चौकटीत येईपर्यंत थांबायचं. जिजाऊ जन्मोत्सवाला, १२ जानेवारीला, तिथं पाय ठेवायला जागा नसते. एरवीच्या एखाद्या दुपारी एकटा शाळकरी पोर दरवाज्यातून जाईल, तो क्षण जास्त उपयोगाचा. एका वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशानं फरक पडला ते समजत नाही. पुढच्या बैठकीत जुनी आणि नवी प्रिंट शेजारी शेजारी ठेवायची, आणि कोणती आधीची, कोणती नंतरची, ते न सांगता विचारायचं.

काही महिन्यांनी मंडळींच्या नजरा एकसारख्या होतात. सगळ्यांना तेच दोष दिसतात, तेच उपाय सुचतात. अशा वेळी फोटोग्राफीशी संबंध नसलेलं एखादं माणूस बैठकीला बोलवावं. कापूस वेचणीच्या फोटोवर फोटोवाले रंगांबद्दल, उन्हाबद्दल, लुगड्याच्या लाल काठाबद्दल बोलतील. शेतात राबणारी बाई तोच फोटो बघून म्हणेल, ‘हिच्या कमरेची झोळी भरलेली आहे, पण आजूबाजूच्या पऱ्हाटीवर एक बोंड फुटलेलं नाही. हिला कुणीतरी इथं आणून उभं केलंय.’ हे ऐकल्यावर पुढच्या वेळी फोटोवाला वेचणी चालू असलेल्या वावरात जाईल, बांधावर बसून राहील, आणि बाया आपल्या ओळी धरून त्याच्यापर्यंत येईस्तोवर कॅमेरा वर करणार नाही.